चौथ्या चित्रातला माणूस

६ फेब्रुवारी

…सरस गाळून झाला होता. पातेल्याच्या तळाचा गाळ खरवडून मी कुंडीत टाकला, फडकं पिळून दोरीवर घातलं, आणि आदल्या दिवशीचे ब्रश साबणाच्या पाण्यातून काढून एकेकाचे केस बोटांनी सरळ करत बसले. हे अंघोळ करून आले, चहा उभ्यानेच प्यायले. म्हणाले, "आज मोठा ब्रश लागेल, तो आधी दे." मी दिला. ओलाच होता. त्यांनी तो झटकला तर पाणी माझ्या चष्म्यावर उडालं. मी म्हटलं, "जरा बघून." हे हसले, आत गेले, दार लावून घेतलं.

दुपारी भाऊजींनी हाक मारली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ती दुपार मला अजून धड आठवत नाही. सकाळ मात्र ब्रशच्या केसांसकट आठवते.

आज वही उघडली ती रडायला नाही. चिडले आहे म्हणून उघडली. ज्यांच्यावर चिडले ते माझे धाकटे दीर. एका घरात राहायचं, एका चुलीवरचं खायचं, तर माणसाला सगळंच तोंडावर बोलता येत नाही.

हे आणि भाऊजी मिळून चित्रांच्या नकला करायचे. हॉटेलांना, दवाखान्यांना जुनी निसर्गचित्रं लागतात. अस्सल कुणाला परवडतात? मग छापील चित्रावर चौकटी आखायच्या, तितक्याच मोठ्या करून कॅनव्हासवर आखायच्या, आणि एकेक चौकट उतरवत जायचं. आभाळ, पाणी, डोंगर, झाडं ह्यांची. माणसं आणि जनावरं भाऊजींची. हे म्हणायचे, "मुलूख माझा, रयत त्याची." कॅनव्हास ताणणं, त्याला सरस लावून पांढऱ्या रंगाचा हात देणं, ब्रश धुणं, हे माझं. रंग ओला असताना आत जायचं नाही हा आमच्याकडचा नियम. दार उघडलं की धूळ येते आणि ओल्या आभाळावर बसते.

शेवटचं काम इस्पितळाचं. नव्या इमारतीतल्या लांब बोळासाठी चार मोठी चित्रं. चारींत एकच वाट. पहिल्यात बागेच्या फाटकातून निघते, सकाळ आहे, वाटेवर पोर आहे. दुसऱ्यात शेतांतून टेकडीवर चढते, तिथे तरुण काठी घेऊन उभा. तिसऱ्यात खिंड, वादळ, मोडलेलं झाड, वाकून चाललेला माणूस. चौथ्यात वाट समुद्राला लागते आणि संपते. ढगाआड चंद्र. किनाऱ्याला होडी, आणि होडीच्या काठावर हात ठेवून म्हातारा उभा. चारींत माणूस पाठमोरा.

म्हणजे असायला हवा. चौथ्यात म्हातारा नाही. ह्यांचं काम पूर्ण झालं आहे, पार चंद्राच्या कडेपर्यंत. भाऊजींचा माणूस तेवढा राहिला आहे. वीतभर माणूस! आणि ह्यांना जाऊन आता कितीतरी दिवस झाले.

९ फेब्रुवारी

इस्पितळाचे मॅनेजर आले होते. खुर्चीच्या टोकावर बसले, सारखे घड्याळ बघत होते. तीन चित्रं बघून म्हणाले, "छान." चौथं बघून म्हणाले, "हे?"

"माणूस राहिलाय," मी म्हटलं.

"काकू, तुमच्यावर काय प्रसंग आलाय ते मला कळतं. पण पंधरा मार्चला बोळ उघडायचा आहे."

"मग तीन आधी न्या."

"तीन लावली तर पुढची भिंत ओकीबोकी दिसेल. चार म्हणजे चार. नाहीतर फुलांचे छापील फोटो लावू. नमुने आलेत आमच्याकडे. पुसायलाही सोपे."

पुसायला सोपे! ह्यांनी पहिल्या चित्रातल्या फाटकावरच्या वेलीला किती सकाळी घातल्या ते मी बाहेरून बघितलं आहे. ह्यांच्या हातचं आता पुढे काही होणार नाही. ही चार एका भिंतीला ओळीने लागली तर लागली. सुटी सुटी झाली की एक कुणाच्या जिन्यात, एक कुणाच्या माळ्यावर.

भाऊजी त्या वेळी घरातच होते. बाहेर आले नाहीत. मॅनेजर गेल्यावर जाऊ म्हणाली, "तुमच्या दिरांना मुहूर्त लागतो वाटतं." नवऱ्याला 'तुमचे दीर' म्हणायला लागली की समजावं, तीही कावली आहे.

१४ फेब्रुवारी

ग्रंथालयातून अशा चित्रांवरचं एक जाड पुस्तक आणलं. ग्रंथपाल बाई शिक्का मारताना म्हणाल्या, "हे आजवर कुणी नेलेलं नाही. तुम्ही वाचणार?" मी म्हटलं, "नाही, उशाला घेणार." मग दोघी हसलो. मी शाळेत फार गेले नाही. ब्रश पुसायला रद्दी यायची, ती फाडण्याआधी वाचून काढायची खोड लागली, तिथून हे सुरू झालं.

पुस्तकात लिहिलं आहे की दोनशे वर्षांपूर्वी काही चित्रकार देवादिकांच्या आणि राजांच्या तसबिरींना कंटाळले आणि डोंगरदऱ्यांत जाऊन बसले. माणसाच्या मनातलं सगळं ते झाडापाण्यातून सांगू लागले. वाट म्हणजे आयुष्य. सकाळ म्हणजे बालपण. खिंड म्हणजे मधल्या वयातली संकटं. मोडलेलं झाड म्हणजे मरण, आणि त्याच झाडाला फुटलेली कोवळी फांदी म्हणजे आशा. होडी म्हणजे पलीकडे जाणं.

मग या लोकांच्या मुलखात झाड म्हणजे नुसतं झाड, असं कधी असतं की नाही? तिसऱ्या चित्राच्या वेळी ह्यांनी मला सांगितलं, "अंगणातली एखादी सुकी फांदी आण बघायला." मी आणली. मरण घेऊन ये, असं काही ते म्हणाले नव्हते.

१५ फेब्रुवारी

भाऊजींना विचारलं. म्हणाले, "उद्या."

१९ फेब्रुवारी

शेजारचा शिंपी आणि त्याची बायको भेटायला आले. शिंपिणीने चौथ्या चित्रापुढे हात जोडले. "वहिनी, त्यांना कळलं होतं हो. बघा ना, वाट संपवलीच त्यांनी."

मी म्हटलं, "हे चित्र ह्यांनी चारींत पहिलं काढलं. काळा रंग वाळायला फार वेळ घेतो, म्हणून अंधाराचं चित्र आधी करून भिंतीला टेकवून ठेवायचं, माणूस त्यावर शेवटी. फाटकाचं चित्र सगळ्यात शेवटी केलं. गेले त्या दिवशी ह्यांच्या हाताला हिरवा रंग होता."

शिंपीण अशी बघत राहिली, जणू मी तिच्या हातातलं काही काढून घेतलं. शिंपी म्हणाला, "चल, त्यांना आराम करू दे."

खरं ते सांगितलं तरी लोकांना आवडत नाही. तसं मलाही नंतर चैन पडेना. कळलं असतं तर ते मला काही बोलले असते का? त्या दाराआड दोघे भाऊ दिवसभर काय बोलत होते? मला बाहेर फक्त ह्यांचं खोकणं आणि भाऊजींचं गुणगुणणं ऐकू यायचं. त्या गुणगुणण्याचा पूर्वी मला वैताग यायचा. आता ते बंद झालंय, तर त्याचाही वैताग येतो.

२३ फेब्रुवारी

बादलीत चिंध्या सापडल्या. राखाडी, तपकिरी, कडेला थोडा पिवळा. हे माणसाचे रंग. म्हणजे काढतात आणि पुसतात! आणि हे एकदा नाही, बादली निम्मी भरली होती. रंग काय झाडाला लागतात?

जेवताना विषय काढलाच.

"भाऊजी, वीतभर तर माणूस. त्यातही पाठ. नाक नको, डोळे नको. एवढं काय अडलंय?"

"उभा राहत नाही तो, वहिनी."

"म्हणजे?"

"म्हणजे उभाच राहत नाही. पाय वाळूला टेकत नाहीत त्याचे."

"मग टेकवा."

जाऊ फिसकन हसली. भाऊजी ताटावरून उठले, अर्धी भाकरी तशीच. आता भाकरीसुद्धा वाया.

छापील चित्र बघून काढा म्हणावं, तर त्या कागदाची घडी नेमकी म्हाताऱ्यावरून गेली आहे. तिथला रंग उडून पांढरी रेघ तेवढी उरली आहे. पण बाकीच्या तिघांच्या वेळी कुठे अडलं होतं? नाचता येईना अंगण वाकडं.

२७ फेब्रुवारी

मी आज पाटीवाल्याला बोलावलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. न्हाव्याच्या पाटीवर त्याने काढलेला माणूस बरा आहे, केस कापून घ्यावेसे वाटतात. भाऊजी चौकटीचं लाकूड आणायला गेले होते. तेवढ्यात करून घ्यावं म्हटलं.

त्याने चहा निवायच्या आत माणूस उभा केला. मी आत जाऊन बघते तर म्हातारा आमच्याकडे तोंड करून हसतोय. गुलाबी गाल, पिळदार मिशा. होडीवर हात असा ठेवलेला, जणू विकायला काढली आहे.

"अहो, पाठमोरा हवा होता!"

"काकू, माणूस म्हटला की तोंड आलं. पाठ काय, पाठ कुणाचीही असते."

"पण हा चाललाय."

"जाऊ दे की. जाताना हसू नये का?"

जाऊने डोकावून बघितलं आणि तोंडावर हात दाबून पळाली. लांबून म्हणाली, "हा तर चहाच्या पुड्यावरचा!" मला हसू आलं नाही. ह्यांनी तो समुद्र असा केला होता की बघताना कानाला थंडी वाजावी. आणि त्यापुढे हे ध्यान!

२८ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं. भाऊजींनी सकाळी दार उघडलं आणि माझ्या नावाने ओरडले नाहीत, पण 'वहिनी' अशी हाक मारली की जाऊच्या हातातला पेला पडला.

"दादाच्या किनाऱ्यावर हा कुठला नौटंकीवाला उभा केलात?"

"तुम्ही करत नाही म्हणून."

"करतोय मी."

"पुसताय! मी बादली बघितली आहे. भाऊजी, तुमच्या आळसापायी ह्यांचं काम माळ्यावर जाईल. फुलांचे फोटो लागणार तिथे, फुलांचे!"

"लागू देत."

"लागू देत म्हणता? सख्खे भाऊ ना तुम्ही?"

बोलले, आणि मलाच ते लागलं. भाऊजींनी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्या म्हाताऱ्याचं आधी तोंड पुसलं, मग मिशा, मग सगळाच. समुद्राला जराही धक्का न लावता. पुसताना मध्येच बाहीने स्वतःचे डोळे पुसत होते. टर्पेंटाइन झोंबतंच. कितीदा सांगितलं, खिडकी उघडी ठेवत जा.

३ मार्च

भाऊजींशी बोलणं बंद आहे. 'मीठ द्या' सुद्धा जाऊमार्फत.

मी इस्पितळात गेले. बोळ बघितला. लांब, गुळगुळीत, नव्या चुन्याचा वास. एका टोकाला दरवाजा, दुसऱ्या टोकाला तपासणीच्या खोल्या. खिळेही ठोकून ठेवले आहेत, चार ठिकाणी. मॅनेजरना म्हटलं, "चौथं आहे तसंच घ्या. किनारा आहे, होडी आहे. बघणाऱ्याने समजून घ्यावं."

ते म्हणाले, "काकू, इथून लोक तपासणीला जाणार. तीन चित्रांत माणूस बघणार, आणि चौथ्यात बघतील तर नुसती होडी. विचारतील, माणूस गेला कुठे?"

मी म्हटलं, "गेला."

ते टेबलावरचे कागद उगीच सारखे करत राहिले. मग हळूच म्हणाले, "पंधरा तारखेपर्यंत थांबतो. त्याच्या पुढे माझ्या हातात नाही." फुलांचे नमुने भिंतीला टेकवून ठेवले होते. चांगले आहेत, खोटं कशाला बोलू. कुणालाही त्रास न देणारी फुलं आहेत.

५ मार्च

पुस्तक परत करायचं आहे, म्हणून राहिलेलं वाचलं. एक आख्खं प्रकरण पाठमोऱ्या माणसावर आहे. तो पाठमोरा का, तर तो जे बघतो तेच आपण बघावं म्हणून. तोंड दाखवलं तर आपण तोंडच बघत बसू. पाठ दाखवली की आपण त्याच्या मागे जाऊन उभे राहतो, आणि त्याचा प्रवास आपला होतो.

मी दोनदा वाचलं. पटलं नाही. मागे उभं राहणाऱ्याला काय दिसतं? पाठ दिसते. डोंगर, समुद्र, जो काही मोठा अर्थ असेल तो त्या माणसाच्या पुढ्यात. मागच्याने टाचा उंचावून बघावं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरचं कुणी गेलेलं नसावं, किंवा तो स्वतःच नेहमी पुढे चालणारा असावा.

तरी तेवढं पान जाऊकडून भाऊजींना वाचायला पाठवलं. पुस्तक परत आलं. जाऊ म्हणाली, "म्हणाले, लिहिणाऱ्याला सांगा, पाठ काढायलाही माणूस लागतो."

म्हटलं, आता हे कोडं कोण सोडवणार!

९ मार्च

आज मी नियम मोडला. सकाळी दार न ठोठावता आत गेले. धूळ बसली तर बसू दे, आभाळ केव्हाच वाळलं आहे.

भाऊजी रंगवत नव्हते. चित्राकडे पाठ करून स्टुलावर बसले होते आणि खिडकीजवळच्या जमिनीकडे बघत होते. तिथे खडूने दोन पावलं आखलेली. अर्धवट पुसलेली, पुन्हा पुन्हा गिरवलेली.

"हे काय?" मी विचारलं. बोलणं बंद आहे हे विसरूनच गेले.

"दादाचे पाय."

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं, जमिनीकडे बघतच. त्यांना मनाने माणूस काढता येत नाही. कधीच येत नव्हता. आभाळ रंगवून ह्यांचा हात आखडला की जरा विश्रांती म्हणून हे ब्रश ठेवायचे आणि तिथे जाऊन पाठ करून उभे राहायचे. हातात काठी म्हणून केरसुणी. चहाला बाहेर येऊन परत गेल्यावर त्याच जागी पाय पडावेत म्हणून खडूच्या खुणा. डगला, टोपी, काठी भाऊजी वरून घालायचे. आत हेच.

"सगळ्या चित्रांत?"

"सगळ्या. हॉटेलातल्या मेंढपाळापासून. पोराच्या वेळी गुडघ्यावर बसला होता. कुरकुरत होता, गुडघा दुखतो म्हणून. मी म्हटलं, दादा, पोरं कुरकुरतात का? तर म्हणाला, तू कुरकुरायचास."

मी भिंतीला टेकवलेल्या तीन चित्रांपाशी गेले. रोज त्यांच्यावरची धूळ मी झटकते. वादळात वाकलेला तो माणूस, त्याच्या मानेची ठेवण. मला ओळखता यायला हवं होतं. डगल्याने घात केला. वीतभर माणसात काय ओळखायचं, असंही वाटलं. पण मला ओळखता यायला हवं होतं.

आणि मग मी चिडलेच. "एवढंच होतं तर सांगायचंत! महिना घालवलात. घरात माणसं काय कमी आहेत? तुमच्या हिला उभी करायची."

"केली एकदा. ती हलते. आणि बोलते."

"मग मला सांगायचं."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. "तुम्हाला कसं सांगू, वहिनी? दादाच्या जागी जाऊन उभ्या राहा, असं? त्या होडीपाशी?"

त्यात न सांगण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. जागा रिकामी आहे, कुणीतरी उभं राहायलाच हवं. पंधरा तारीख तोंडावर आली, रंग वाळायला मध्ये दिवस हवेत, आणि हा माणूस भिडेपोटी गप्प. मी तसं स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, "बाई चालेल का पण? चित्रात म्हातारा आहे."

भाऊजी म्हणाले, "पाठमोऱ्या म्हातारपणात बाई काय नि बाप्या काय." आणि खूप दिवसांनी थोडं हसले. दिरांना म्हातारी म्हणू दिलं मी, म्हणजे बघा.

११ मार्च

काल हात उचलत नव्हता, म्हणून लिहिलं नाही.

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले. ब्रश धुतले, बारीकवाले बाजूला काढून ठेवले. भाऊजींनी माणसाचे रंग कालवायच्या पाटीवर घेतले. मी आत गेले, दार लावून घेतलं आणि खिडकीजवळ त्या पावलांवर उभी राहिले. माझे पाय लहान आहेत, खडूची रेघ सगळीकडून बाहेर उरली. होडी म्हणून खुर्ची ठेवली होती, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मान जरा वर," भाऊजी म्हणाले. "वहिनी, हलू नका."

खिडकीतून समोरची भिंत दिसते, आणि भिंतीच्या वर थोडं आभाळ. तिकडे बघत राहिले. गुडघा दुखायला लागला. बऱ्याच वेळाने मागून गुणगुणणं ऐकू आलं, अगदी बारीक, तेच वैताग आणणारं. जाऊने दाराबाहेरून विचारलं, चहा आणू का. मी म्हटलं, "नंतर," आणि हलले नाही.